चमकणारे सच्छिद्र पदार्थ आणि स्फोटकांची वाफ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रसायनशास्त्राचे एमएस्सी-पीएचडीचे विद्यार्थी, सुरक्षा यंत्रणांत काम करणारी मंडळी आणि निव्वळ कुतूहलाने विचारणारे वाचक यांच्याकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. स्फोटकं बनवण्याबद्दल इथे काही मिळणार नाही.

१. हे तंत्र नेमकं चालतं कसं?

अतिनील प्रकाशात चमकणाऱ्या पदार्थाचा पातळ थर काचेवर द्यायचा आणि त्याच्यावरून संशयित हवा खेळवायची. हवेत टीएनटीसारख्या नायट्रो-ॲरोमॅटिक (बेंझीनच्या कड्यावर नायट्रो गट असलेल्या) रेणूंची वाफ असेल तर ते रेणू थरात शिरतात आणि चमक मंदावते. याला क्वेंचिंग म्हणतात. चमक किती टक्के उतरली आणि किती सेकंदांत उतरली, हे फोटोडायोड मोजतो.

चमक उतरते ती इलेक्ट्रॉन पळवला गेल्यामुळे. प्रकाश शोषल्यावर पदार्थातला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो आणि एरवी खाली येताना प्रकाश देतो. नायट्रो गट इलेक्ट्रॉन ओढणारे असतात. टीएनटीवर असे तीन गट आहेत, त्यामुळे त्याची रिकामी पातळी बरीच खाली असते. वर गेलेला इलेक्ट्रॉन त्या पातळीत जातो आणि प्रकाश बाहेर पडायचा राहून जातो.

२. सच्छिद्र पदार्थच कशाला? साधा चमकणारा रंग काचेवर फासला तर?

चालतं, पण फक्त वरच्या पापुद्र्यापुरतं. रंगाचे चपटे रेणू एकमेकांवर घट्ट रचले जातात. एक तर त्यामुळे मुळातली चमकच कमी होते, आणि वाफेला आत शिरायला वाटही उरत नाही. वरच्या थराची चमक गेली तरी खालचा जाड थर चमकतच राहतो, मग एकूण फरक दोन-चार टक्क्यांचा दिसतो आणि तो यंत्राच्या डगमगीत हरवतो.

यावरचा गाजलेला उपाय एमआयटीतल्या टिमोथी स्वेगर यांच्या गटाने १९९८ साली दाखवला. त्यांनी पॉलिमरच्या साखळीवर पेंटिप्टिसीन नावाचे अवजड, आडवेतिडवे गट बसवले. साखळ्या एकमेकींना चिकटेनाशा झाल्या आणि मधल्या फटींतून टीएनटी आत जाऊ लागलं. शिवाय अशा पॉलिमरमध्ये उत्तेजित ऊर्जा साखळीभर फिरते, त्यामुळे साखळीवर कुठेही एक रेणू बसला तरी आख्खी साखळी विझते. हाच पॉलिमर केशनळीच्या आतून लावून अमेरिकेतल्या नोमॅडिक्स कंपनीने ‘फिडो’ हे उपकरण काढलं. या क्षेत्रात प्रयोगशाळेतून थेट मैदानात गेलेलं हे ठळक उदाहरण आहे, आणि ते एमओएफचं (धातू-सेंद्रिय जाळीचं, प्रश्न ४) नाही, पॉलिमरचं आहे. नव्या शोधनिबंधांच्या गर्दीत ही गोष्ट विसरली जाते.

३. हवेत वाफ असते तरी किती?

बहुतेकांना वाटतं त्याहून कितीतरी कमी. २५ अंश सेल्सिअसला बंद डब्यात, वाफ पूर्ण भरलेली असताना, साधारण हे आकडे धरा:

टीएनटी: ५ ते १० पीपीबी, म्हणजे हवेच्या अब्ज रेणूंमागे पाच-दहा. एक लिटर हवेत जेमतेम ५० ते ९० नॅनोग्रॅम.
२,४-डीएनटी (टीएनटीचाच भाऊ, एक नायट्रो गट कमी): शेकडो पीपीबीच्या घरात.
आरडीएक्स: काही पीपीटी (लाख कोटी रेणूंमागे काही), म्हणजे टीएनटीच्या सुमारे हजारपट कमी. एका लिटरमध्ये काही दशक पिकोग्रॅम.
नायट्रोबेंझीन: ३०० पीपीएमच्या (दहा लाख रेणूंमागे ३००) आसपास.

शेवटचा आकडा लक्षात ठेवा. ‘आमच्या पदार्थाने नायट्रोबेंझीनची वाफ दहा सेकंदांत पकडली’ असं वाचलं की ती वाफ टीएनटीच्या तुलनेत हजारो पटींनी जास्त होती, हेही त्याच वाक्यात वाचायचं. टीएनटीच्या साठ्याजवळ कित्येकदा आधी सापडते ती डीएनटीची वाफ, कारण डीएनटी टीएनटीत अशुद्धी म्हणून असतं आणि जास्त उडतं.

तापमानाचा परिणामही मोठा आहे. १० अंश वाढले की टीएनटीचा बाष्पदाब तीन ते चारपट होतो. नागपूरच्या मे महिन्यातली दुपार आणि पुण्याची डिसेंबरातली पहाट यांत एकच उपकरण वेगळं वागेल, आणि तो दोष उपकरणाचा नसेल. उघड्यावर तर वाफ या आकड्यांच्या कितीतरी खाली जाते.

४. एमओएफ, सीओएफ, पॉलिमर, सच्छिद्र सिलिकॉन... निवडायचं काय?

धातू आणि सेंद्रिय दुवे जोडून बनलेल्या जाळीला एमओएफ म्हणतात. छिद्राचा आकार आणि चमकीचा रंग दुवा बदलून ठरवता येतो, हा तिचा मोठा गुण. वाफेसाठीचं सुरुवातीचं महत्त्वाचं काम रटगर्स विद्यापीठातल्या जिंग ली यांच्या गटाचं, २००९ सालचं. त्यांच्या झिंकच्या एमओएफची चमक डीएनटीच्या वाफेत दहा सेकंदांत सुमारे ८५ टक्के उतरली.

सीओएफमध्ये धातू नसतो, सगळे बंध सहसंयुज. त्यांतली बरीच पाण्याला टिकतात, पण थर एकमेकांवर रचले गेल्याने पुष्कळ सीओएफ मुळात अंधुकच चमकतात. सच्छिद्र सिलिकॉन स्वस्त आहे आणि त्याची स्वतःची चमक असते. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २००० साली त्यावर डीएनटी-टीएनटी पकडून दाखवलं गेलं. पण हवेत त्याचा पृष्ठभाग ऑक्सिडाइझ होतो आणि चमक सरकत राहते.

आमचं मत: प्रबंधासाठी एमओएफ घ्या, त्यात शिकण्यासारखं खूप आहे. चालतं उपकरण हवं असेल तर पॉलिमर घ्या, कारण तो द्रावणातून सरळ थर देतो. एमओएफची पूड काचेवर टिकवणं हाच निम्मा प्रकल्प होऊन बसतो (प्रश्न ७).

५. पुण्या-मुंबईत यावर काम झालंय का?

झालंय. आयसर पुण्यात सुजित घोष यांच्या गटाने २०१३ साली कॅडमियमचा चमकणारा एमओएफ प्रसिद्ध केला. इतर नायट्रो संयुगं सोबत असतानाही तो पिक्रिक आम्ल (हेही तीन नायट्रो गटांचं स्फोटक) निवडून ओळखत होता. एनसीएलमध्ये (पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) राहुल बॅनर्जी यांच्या गटाने २०१५ साली सीओएफचे पापुद्रे सोलून त्यांवर तेच आम्ल ओळखून दाखवलं. दोन्ही कामं द्रावणातल्या ओळखीसाठी जास्त वाचली जातात. द्रावण आणि वाफ यांची गल्लत का करू नये, ते प्रश्न १० मध्ये आहे.

आयआयटी मुंबईतून निघालेला ‘नॅनोस्निफर’ (२०२१) आणि पुण्याच्या एचईएमआरएल (डीआरडीओची स्फोटकांवरची प्रयोगशाळा) व बंगळूरच्या आयआयएससीचं ‘रायडर-एक्स’ (२०१९) यांबद्दलही विचारणा होते. पहिलं सूक्ष्म यांत्रिक संवेदकांवर चालतं, दुसरं रामन वर्णपटावर. चमक मंदावण्याशी दोन्हींचा संबंध नाही.

६. एमओएफ बनवला, एक्सआरडी (क्ष-किरणांनी केलेली जाळीची तपासणी) जुळला, पण वाफेला प्रतिसादच नाही. काय चुकलं?

दहातल्या आठ वेळा छिद्रं रिकामीच झालेली नसतात. ताज्या एमओएफच्या पोटात तो बनवताना वापरलेला द्रावक, डीएमएफ, भरलेला असतो. तो १५३ अंशांना उकळतो आणि नुसत्या ओव्हनने नीट निघत नाही. आधी अदलाबदल करा: पूड मिथेनॉल, ॲसिटोन किंवा डायक्लोरोमीथेनमध्ये भिजवून ठेवा, रोज दोनदा द्रावक बदला, असं तीन दिवस. मग निर्वातात ८० ते १२० अंशांवर रात्रभर.

खात्री टीजीएने (तापवत नेऊन वजन मोजण्याने) करायची. २०० अंशांच्या आत वजनाची पायरी दिसली तर द्रावक अजून आहे. मग एक्सआरडी पुन्हा घ्या. आधी शिखरं टोकदार होती आणि आता पसरट झाली असतील तर जाळी कोसळली. जास्त तापवणं किंवा आत पाणी असताना एकदम निर्वात करणं ही त्याची नेहमीची कारणं. कोसळलेली पूडही चमकते, त्यामुळे यूव्ही दिव्याखाली बघून काही कळत नाही.

छिद्र मोकळं आणि जाळी शाबूत असूनही प्रतिसाद नसेल, तर छिद्राचं तोंड रेणूपेक्षा अरुंद आहे का पाहा. तेही ठीक असेल तर दुव्याची ऊर्जापातळी नायट्रो रेणूपेक्षा पुरेशी वर नसणार. तो दोष कुठल्याही तापवण्याने जात नाही, दुवाच बदलावा लागतो.

७. थर किती जाड द्यायचा आणि कसा?

पातळ. स्वेगर गटाचा थर जेमतेम काही नॅनोमीटरचा होता. पॉलिमर असेल तर क्लोरोफॉर्म किंवा टोल्यूईनमधलं विरळ द्रावण स्पिन कोटरवर (काच गरगर फिरवून थर पसरवणाऱ्या यंत्रावर) टाका आणि फेरे वाढवत जा. थर जाड झाला की चमक छान दिसते, पण वाफ खालपर्यंत पोचायला मिनिटं लागतात.

एमओएफच्या बाबतीत पूड बारीक वाटून, इथेनॉलमध्ये सोनिकेट करून (ध्वनिलहरींनी विखरून), ढगाळ द्रव क्वार्ट्झच्या तुकड्यावर थेंबाथेंबाने सोडतात. थेंब वाळताना पूड कडेला गोळा होते आणि मध्ये उघडी काच राहते. तुकडा ५०-६० अंशांना गरम ठेवून फवारा मारला तर थर बराच एकसारखा येतो. चिकटावं म्हणून पॉलिमरचा बाइंडर जास्त घातला की छिद्रं बुजतात. साधी काच ३६५ नॅनोमीटरला चालते. त्याच्या बरंच खाली गेलात तर क्वार्ट्झला पर्याय नाही.

८. वाफेची चाचणी प्रयोगशाळेत कशी मांडायची?

झाकणाची २० मिलिलिटरची काचेची बाटली घ्या. तळाशी डीएनटीचे काही मिलिग्रॅम खडे, त्यावर कापसाचा सैल बोळा, आणि झाकण घट्ट लावून दोन दिवस २५ अंशांना ठेवा. कापूस असतो तो खडे थराला लागू नयेत म्हणून. एक कण जरी थराला चिकटला तर मोजलं ते वाफेचं राहत नाही. अशीच दुसरी बाटली नुसत्या कापसाची, ती कोरी तुलना.

थराची सुरुवातीची चमक घ्या, थर बाटलीत ठेवा, १०, ३०, ६०, १२०, ३०० सेकंदांनी पुन्हा मोजा. क्वेंचिंगची टक्केवारी म्हणजे सुरुवातीच्या चमकीतून आताची वजा करून, सुरुवातीच्या चमकीने भागून, गुणिले शंभर.

हमखास चुका अशा:

थर काढून पुन्हा लावताना जागा हलते आणि चमक त्यानेच पाच-दहा टक्के बदलते. जमल्यास थर क्युव्हेटमध्येच (मोजणीच्या चौकोनी पारदर्शक नळीत) पक्का बसवा, खडे-कापूस तळाशी ठेवा आणि जागच्या जागी मोजा.

दिव्याखाली ठेवूनच थर फिकट होतो. वाफेशिवाय तितकाच वेळ दिवा लावून किती उतरते ते वेगळं मोजा आणि शटर फक्त वाचनापुरतं उघडा.

थर दिव्याला ४५ अंशांत धरला तर परावर्तित प्रकाश सरळ डिटेक्टरमध्ये जातो. ३० अंशांवर ठेवा आणि डिटेक्टरसमोर ४०० नॅनोमीटरचा लाँगपास फिल्टर (त्याहून लांब तरंगच जाऊ देणारा) लावा.

डीएनटी आणि नायट्रोबेंझीन दोन्ही विषारी आहेत आणि कातडीतूनही शरीरात जातात. सगळं फ्यूम हूडमध्ये, नायट्राइल हातमोजे घालून.

९. स्टर्न-व्होल्मरची रेघ वर वळते. अहवालात काय लिहू?

(ही रेघ म्हणजे सुरुवातीच्या आणि उरलेल्या चमकीचं गुणोत्तर, मिसळलेल्या रेणूच्या प्रमाणासमोर मांडलेलं.) आधी काही लिहू नका, मोजा. रेघ वर वळण्याची दोन नेहमीची कारणं: स्थिर (रेणू आधीच चिकटून बसलेला) आणि गतिज (रेणू येऊन धडकणारा) क्वेंचिंग एकत्र असणं, किंवा इनर फिल्टर इफेक्ट, म्हणजे मिसळलेल्या रेणूने दिव्याचा किंवा चमकीचा प्रकाश नुसताच गिळणं. दुसऱ्यात इलेक्ट्रॉन पळवापळवी काहीच नसते.

दोन्ही तरंगलांबींवरचं शोषण मोजा, त्यांची बेरीज करून निम्मी करा आणि १० चा तितका घात घेऊन दिसलेल्या चमकीला गुणा. दुरुस्तीनंतर रेघ आडवी झाली तर तुमचा ‘सेन्सर’ फिल्टर होता. शोषण फार जास्त असेल तर ही दुरुस्ती विश्वासार्ह राहत नाही. अशा वेळी द्रावण विरळ करा.

चमकीचा आयुष्यकाळ मोजला आणि तो बदलला नाही, म्हणून ‘स्थिर क्वेंचिंग सिद्ध’ असं लिहिलेलं वारंवार दिसतं. इनर फिल्टरमध्येही आयुष्यकाळ बदलत नाही. म्हणून शोषणाची दुरुस्ती आधी, आयुष्यकाळ नंतर.

१०. माझा पदार्थ पिक्रिक आम्लाला जोरदार प्रतिसाद देतो. टीएनटीही पकडेल ना?

त्यावरून काहीच सांगता येत नाही. पिक्रिक आम्ल ३५०-३६० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश भरपूर शोषतं, आणि नेमका तिथेच आपला दिवा असतो. ते तीव्र आम्लही आहे. थरात अमाइन किंवा पिरिडीनचा मोकळा नायट्रोजन असेल तर त्याला प्रोटॉन देऊन चमक बदलतं. टीएनटी यांतलं काही करत नाही. त्यात पिक्रिक आम्लाचा बाष्पदाब टीएनटीपेक्षा बराच कमी आहे, त्यामुळे द्रावणातला आकडा वाफेला लावायचा प्रश्नच येत नाही.

पाण्यातलं प्रदूषण मोजायला हे पदार्थ उपयोगी आहेत. फक्त शीर्षकात ‘स्फोटकांच्या वाफेचा शोध’ लिहायचं असेल तर वाफेची मोजणी आत असायला हवी.

११. आरडीएक्स, पीईटीएन, टीएटीपीचं काय?

इथे हे तंत्र लंगडं पडतं. आरडीएक्स आणि पीईटीएन ॲरोमॅटिक नाहीत, इलेक्ट्रॉन घ्यायला टीएनटीइतके उत्सुक नाहीत, आणि वाफ जवळपास नाहीच. म्हणून पृष्ठभाग पुसून कण गोळा करतात आणि तापवून त्यांची वाफ करतात. टीएटीपी हे पेरॉक्साइड स्फोटक, त्यात नायट्रो गटच नाही. त्याच्यासाठी उलटी युक्ती आहे: त्यातून मिळणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडने बोरोनेट गट तुटतो आणि न चमकणारा रेणू चमकू लागतो. अमोनियम नायट्रेटसाठी क्वेंचिंगवर विसंबू नये.

१२. डीएमएनबी हे नाव सारखं येतं. ते स्फोटक आहे का?

नाही, ती खूण आहे. २१ डिसेंबर १९८८ रोजी लॉकरबीवर पॅन ॲम १०३ विमान पाडलं गेलं, २७० माणसं गेली. त्यानंतर १९९१ साली माँट्रियलमध्ये प्लास्टिक स्फोटकांत ओळखू येईल असं बाष्पनशील रसायन मिसळण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला. तो १९९८ पासून लागू आहे. त्या रसायनांपैकी डीएमएनबी सर्वांत प्रचलित. त्याची वाफ २-३ पीपीएम असते, म्हणजे आरडीएक्सच्या लाखो पट. ते ॲरोमॅटिक नसल्याने साध्या पॉलिमरना सहज सापडत नाही. प्रश्न ४ मधल्या रटगर्सच्या एमओएफचं खरं कौतुक त्यासाठी आहे: दहा सेकंदांत ८४ टक्के. छिद्रात रेणू कोंडला गेल्याचा तो फायदा.

१३. खोटा इशारा कशाने मिळतो?

चमक उतरली एवढ्यावर ‘स्फोटक’ म्हणता येत नाही. क्विनोन, नायट्रोबेंझीनचे भाऊबंद, डिझेलचा धूर आणि काही स्वस्त अत्तरं-अगरबत्त्यांतलं कस्तुरीच्या वासाचं नायट्रो-मस्क या सगळ्यांना इलेक्ट्रॉन घ्यायला आवडतो. उपाय म्हणून एकाऐवजी चार-पाच वेगळे थर शेजारी ठेवतात आणि कुठला किती व किती वेगाने उतरला, या नमुन्यावरून निर्णय करतात. स्वच्छ हवा सोडल्यावर चमक किती लवकर परतते हाही चांगला पुरावा आहे. हलके रेणू पटकन निघून जातात, टीएनटी चिकटून राहतं.

१४. कोकणातल्या पावसाळ्यात हे टिकेल का?

धातू कोणता यावर अवलंबून. झिंक-कार्बोक्झिलेटचे बरेच एमओएफ पाण्याने मोडतात. प्रसिद्ध एमओएफ-५ तर दमट हवेत काही तासांत बिघडू लागतो. झिर्कोनियमचे, म्हणजे ओस्लोमध्ये २००८ साली निघालेल्या यूआयओ-६६ च्या घराण्यातले, पाण्यातही टिकतात. पण टिकणं वेगळं आणि मोजणं वेगळं. जाळी शाबूत राहिली तरी पाण्याच्या वाफेने छिद्रं भरतात आणि स्फोटकाला जागा उरत नाही.

तपासायचं तर डेसिकेटरमध्ये मिठाचं संपृक्त द्रावण ठेवा, २५ अंशांना सुमारे ७५ टक्के आर्द्रता मिळते. पोटॅशियम सल्फेटचं ठेवलं तर ९७ टक्के. थर त्यात आठवडाभर ठेवून प्रश्न ८ ची चाचणी पुन्हा करा.

१५. एकदा वापरलेला थर परत चालतो का?

रटगर्सचा थर १५० अंशांवर एक मिनिट तापवला की चमक परत येत असे. पॉलिमरला इतकं तापवता येत नाही, तिथे कोरडी गरम हवा हळूहळू सोडतात. प्रत्येक फेरीत सुरुवातीची चमक थोडी खाली येत असेल तर प्रत्येक वेळी नवी सुरुवात धरून टक्केवारी काढू नका. तसं केल्याने मरत चाललेला थर निरोगी दिसतो.

१६. वाफ सोडल्यावर चमक उलट वाढली. चूक कुठे?

कदाचित कुठेच नाही. बेंझीन-टोल्यूईनसारखे इलेक्ट्रॉनने समृद्ध रेणू काही एमओएफची चमक वाढवतात. २०११ साली रटगर्सच्याच गटाने एकाच पदार्थात दोन्ही दिशा दाखवल्या. आधी बाटली किंवा कापूस धुतलेल्या द्रावकाचा अंश राहिला नाही ना, ते बघा.

१७. साधं हातातलं उपकरण बनवायचं आहे. भाग कोणते?

३६५ नॅनोमीटरचा एलईडी, थर, लाँगपास फिल्टर, फोटोडायोड, ट्रान्सइम्पीडन्स ॲम्प्लिफायर (फोटोडायोडचा प्रवाह व्होल्टेजमध्ये बदलणारा) आणि छोटा हवापंप. एलईडी सतत न लावता काहीशे हर्ट्झवर चालू-बंद करा आणि त्याच लयीतला संकेत वेचा, म्हणजे खोलीतली ट्यूबलाइट मध्ये येत नाही. एलईडी गरम झाला की त्याचा प्रकाश उतरतो आणि ते क्वेंचिंगसारखंच दिसतं. म्हणून दुसरा फोटोडायोड थेट एलईडीकडे बघत ठेवा आणि दोघांचं गुणोत्तर घ्या.

टीएनटी भिंतींना चिकटतं. हवा आत येण्याची नळी शक्य तितकी आखूड, स्टीलची आणि गरम ठेवलेली हवी. रबरी नळी लावलीत तर नमुना नळीतच संपेल.

१८. विमानतळावर हातावरून पट्टी पुसतात, ते हेच का?

बहुतेक ठिकाणी नाही. पट्टी तापवून निघालेले रेणू आयन मोबिलिटी स्पेक्ट्रोमीटरमध्ये जातात, तिथे ते विद्युत क्षेत्रात किती वेगाने सरकतात हे मोजलं जातं. मोठ्या आवारात फिरून वास घेण्याच्या कामात मात्र प्रशिक्षित श्वानाला अजून तोड नाही. मुंबई पोलिसांचा झंजीर नावाचा लॅब्रॅडॉर १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतरच्या कामगिरीसाठी आजही आठवला जातो. उपकरणाचा फायदा एवढाच की ते दमत नाही आणि आकडा देतं.

१९. महाविद्यालयात टीएनटी मागवता येतं का?

स्फोटक म्हणून नाही. त्याला स्फोटक अधिनियम १८८४ आणि स्फोटक नियम २००८ लागू होतात आणि परवान्यांचं काम नागपुरात मुख्यालय असलेली पेसो (केंद्र सरकारची पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना) बघते. विश्लेषणासाठी मिलिलिटरला एक मिलिग्रॅम अशी विरळ प्रमाणित द्रावणं कुप्यांमध्ये मिळतात. ती मागवायलाही संस्थेची लेखी परवानगी आणि नोंदवही हवी. शिकण्यापुरतं ४-नायट्रोटोल्यूईन आणि डीएनटी पुरेसं आहे.

जुन्या कपाटात पिक्रिक आम्लाची बाटली सापडली तर आत पाणी दिसतं का, ते बाहेरूनच बघा. ते किमान ३० टक्के पाण्यासह ओलं ठेवायचं असतं, कोरडं झालं की धक्क्याने आणि घर्षणाने फुटतं. पूड कोरडी दिसत असेल किंवा झाकण धातूचं असेल तर ते फिरवू नका, बाटली हलवू नका, खोली रिकामी करा आणि सुरक्षा अधिकाऱ्याला कळवा.